सर्व्हरला प्रिंटर करणारे भाऊ

स्पष्टच सांगते, मला भाऊंचा हेवा वाटायचा. आणि थोडाथोडका नाही, पोटात दुखण्याइतका. ते ऑफिसात शिरले की लोकांचे चेहरे खुलायचे, चहावाला न सांगता त्यांच्या कपात आलं जास्त घालायचा, साहेब केबिनमधून मान बाहेर काढून "या भाऊ, या" करायचे. मी त्यांच्या कितीतरी आधी येऊन कामाला लागलेली असायची. पण मला बघून कोणाचा चेहरा खुलल्याचं काही मला आठवत नाही.

भाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं आणि त्यांनाही ते तसंच हवं होतं. वसईच्या खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस. ठेंगणे, पोट सुटलेलं, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि पायात रबरी चपला. स्कूटर एका कंपनीची आणि तिच्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं. ते त्यांनी स्वतः स्क्रू काढून बदललं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "चोराला वाटनार, हिचे पार्ट मिळत नाय. मग कशाला उचलनार?" जेवणाचा डबा औषधांच्या खोक्यात घालून आणायचे. आत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, बाहेर खोकल्याच्या औषधाची जाहिरात. का तर कोणी हात घालू नये. सगळ्या ऑफिसला तो डबा माहीत होता आणि सगळं ऑफिस त्यात हात घालायचं. भाऊ तरीही खोका बदलायचे नाहीत.

एकदा ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर मासळीबाजारात गेले होते. मला वाटलं, हा जन्मापासून इथला माणूस, आपल्याला मासे बघून घ्यायला शिकवेल. कसलं काय! भाऊंना हवे होते बोंबील. पण सरळ बोंबलाकडे जातील तर ते भाऊ कसले? आधी पापलेटचा भाव विचारला. तोंड वाकडं केलं. मग सुरमई उचलून कल्ले बघितले, परत ठेवली. पुढे गेले, फिरून मागे आले, आणि जणू काही मासेवाल्या मावशीवर उपकार करतोय अशा आवाजात म्हणाले, "हे बोंबील कसे दिले गो?" मावशी हसायला लागली. "तुमचे मगाशीच बाजूला काढून ठेवलेत भाऊ. तुम्ही गेटातून शिरलात तेव्हाच."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, बरं झालं, उघडे पडले. पण सगळ्यात मोठ्याने हसले ते भाऊच. मावशीने वर मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, फुकट घातली त्यांच्या पिशवीत. मी त्याच मावशीकडून दर रविवारी मासे घेते, ठरलेल्या भावात, घासाघीस न करता. मला तिने आजतागायत एक करंदी जास्त घातलेली नाही.

तर असा हा माणूस, आणि आमचं काम होतं सर्व्हर सांभाळण्याचं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि वर आमचं ऑफिस. इकडच्या शाळा, दवाखाने, गोदामं, ज्यांना स्वतःचा कॉम्प्युटरवाला ठेवायला परवडत नाही, त्यांचे सर्व्हर आम्ही बघायचो. इंटरनेटवर जो सर्व्हर उभा आहे त्याच्या दारावर कोणी ना कोणी सतत टकटक करत असतं. माणसं नसतात ती, स्कॅनर असतात, म्हणजे दारोदार फिरून चाचपणी करणारे प्रोग्रॅम. टकटक झाली की सर्व्हर उत्तर देतो, आणि त्या उत्तराच्या लकबीवरून स्कॅनर ओळखतो की आत कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तेवढं कळलं की तिच्यातली माहीत असलेली भोकं शोधायची आणि आत शिरायचं.

यावर माझा उपाय साधा होता. भोकं बुजवा. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारे दुरुस्त्या पाठवतात, त्या वेळच्या वेळी घाला. मेहनतीचं आणि अतिशय कंटाळवाणं काम. नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. भाऊंचा उपाय निराळा. ते म्हणायचे, लकबच बदलून टाकायची. लिनक्स असेल तर विंडोज असल्यासारखं उत्तर द्यायला लावायचं. आणि मग स्क्रीनसमोर बसून गंमत बघायची. विंडोजसाठी केलेले हल्ले येऊन आपटायचे, आणि भाऊ पोट धरून हसायचे. "ये बघ बाय, आनखी एक आला! डोकं आपटतोय बघ भिंतीवर!" सगळं ऑफिस त्यांच्या खुर्चीमागे गोळा. मी माझ्या जागेवरून ओरडायची, "अहो भाऊ, त्या प्रोग्रॅमने तुमच्या सर्व्हरला कोण आहेस म्हणून विचारलंय तरी का? तो दिसेल त्या दारावर तेच आपटतो!" कोणी ऐकायचं नाही.

मी फारच मागे लागले की भाऊ आंब्याची गोष्ट सांगायचे. त्यांच्या वडिलांनी वाडीत रस्त्याच्या कडेला मुद्दाम आंबट आंब्याचं झाड लावलं होतं आणि गोड झाडं सगळी आत. खाडीकडच्या कितीतरी घरांत ही रीत होती म्हणे. येणाराजाणारा कडेचा आंबा तोडणार, चावणार, थू करणार आणि सगळ्या वाडीला आंबट म्हणून पुढे जाणार.

"मग? राहिले का गोड आंबे शाबूत?" मी एकदा विचारलं.

"मानसांपासून राहिले," भाऊ म्हणाले. मग डोकं खाजवत, "वाघळांनी खाल्ले. वाघळं कुठं रस्त्यानं येतात?"

"हेच! हेच तर मी इतके दिवस सांगतेय!" मी टेबलावर हात आपटला. पण तोपर्यंत वाघळांवर सगळे हसत सुटले होते आणि वादात मी जिंकले हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. नवऱ्याला घरी येऊन सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मस्त माणूस दिसतोय गं, एकदा जेवायला बोलाव." त्या दिवशी मी चंदनसारच्या आमच्या दोन खोल्यांत भांडी जरा जास्तच आपटली.

खरी आग लागली ती तुळिंजच्या लॅबच्या वेळी. रक्त-लघवी तपासणारी लॅब, सगळे रिपोर्ट आमच्याकडच्या सर्व्हरवरून पेशंटना जायचे. लॅबच्या डॉक्टरबाई अतिशय शिस्तीच्या. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे साहेब त्यांच्यासमोर उभ्यानेच बोलायचे. त्या बघायला आल्या तेव्हा आधी मी त्यांना दाखवलं की त्यांच्या सर्व्हरवर एकही दुरुस्ती बाकी नाही. त्या "हं" म्हणाल्या. मग भाऊ पुढे सरकले. बाहेरून स्कॅनर लावला आणि स्क्रीन बाईंकडे वळवली. स्कॅनरने उत्तर दिलं होतं: हा प्रिंटर आहे.

"प्रिंटर?" डॉक्टरबाई खुर्चीत पुढे आल्या.

"जगाला प्रिंटर," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "प्रिंटरला कोन लुटायला जाईल? आत तुमचे सगळे पेशंट झोपलेत निवांत."

बाई चक्क हसल्या. त्यांना हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर लॅबमधून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊंना द्या." रिपोर्ट उघडत नाही, भाऊंना द्या. पासवर्ड विसरला, भाऊंना द्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, हे काम मीच बघते, सांगा ना." तर म्हणाल्या, "नको, थांबते मी." मी फोन धरून उभी, आणि भाऊ खाली चहाच्या टपरीवर. धावत जाऊन मीच त्यांना बोलावून आणलं. जळफळाट म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं.

अशातच साहेबांनी जाहीर केलं की आमच्या विभागाला एक प्रमुख नेमायचा. नाव दोघांपैकी एक, भाऊ किंवा मी. ती जागा मला हवी होती. नुसती हवी होती नाही, माझी होती असं मला वाटत होतं. सगळ्या गिऱ्हाइकांची दुरुस्त्यांची कामं मी ओढली होती. साहेबांनी ती आपोआप करणारा प्रोग्रॅम घेतला, तोही मीच बसवला होता. तो प्रोग्रॅम आमच्या आतल्या नेटवर्कवर फेरी मारायचा, प्रत्येक यंत्राला कोण आहेस विचारायचा, सर्व्हर असेल तर दुरुस्ती घालायचा आणि मला हिरवी खूण दाखवायचा. रोज सकाळी सगळं हिरवंगार बघून मी मनात म्हणायची, बघू आता, प्रिंटरचं सोंग मोठं की हे.

साहेब म्हणाले, लॅबच्या सर्व्हरची बाहेरच्या माणसाकडून तपासणी होणार आहे, ती झाली की नाव सांगतो. मला देवच पावला. तपासणीत सोंगं चालत नाहीत.

तपासनीस आला. तरुण, अंधेरीकडचा, कमी बोलणारा. दिवसभर लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे जमलो. डॉक्टरबाईही आल्या होत्या. तो म्हणाला, "बाकी ठीक आहे. पण या सर्व्हरवर गेल्या पावसाळ्यापासून एकही अपडेट गेलेलं नाहीये. एक मोठं भोक उघडं आहे. कोणीही आत येऊ शकलं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दुरुस्त्या म्हणजे मी. मी म्हटलं, "शक्यच नाही, माझ्याकडे सगळं हिरवं आहे," आणि तिथल्या तिथे प्रोग्रॅम उघडला. लॅबची यंत्रं बघितली. सर्व्हर नव्हताच. प्रिंटर मात्र एक जास्त होता.

मग एकदम उजेड पडला. सोंग फक्त बाहेरच्या दाराला होतं. आतून बघितलं तर सर्व्हर सर्व्हरच दिसायचा, हे मी प्रोग्रॅम बसवताना स्वतः तपासलं होतं. पुढे कधीतरी भाऊंच्या मनात आलं असणार की चोर आतूनही येऊ शकतो, आणि त्यांनी आतल्या दारालाही तेच सोंग चढवलं. कोणाला काही न सांगता. माझा प्रोग्रॅम फेरीवर गेला, त्याने विचारलं, कोण आहेस? सर्व्हर म्हणाला, प्रिंटर. प्रोग्रॅम बिचारा पुढे गेला. अख्ख्या जगाला फसवायला निघालेल्या त्या सोंगाने फसवलं कोणाला, तर आम्हाला.

मी बोलले. थांबवूच शकले नाही स्वतःला. आवाज चढला असेल माझा. म्हटलं, "हेच मी इतकी वर्षं सांगतेय! लपवून काही सुरक्षित होत नाही. चोराला काही फरक पडत नाही, आपल्यालाच आपलं घर दिसेनासं होतं. आणि हे असं करताना निदान मला सांगायचं तरी होतं!" बोलून झालं. आत कुठेतरी गार वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे माझं ऐकत होते.

आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, "पण एक मिनिट. आत कोणी शिरलंय का?"

तपासनीस म्हणाला, "नाही. तशी काही खूण नाही."

"म्हणजे बघा!" साहेबांचा चेहरा उजळला. "भोक उघडं असून कोणी आलं नाही. प्रिंटर समजून सोडून दिलं असणार. म्हणजे भाऊंच्या सोंगानेच वाचवलं की!" आणि डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

मला रडू येईल असं वाटलं. हा माणूस चुकला तरी बरोबर! भोक त्यांच्यामुळे उघडं राहिलं आणि श्रेयही त्यांनाच. आता भाऊ हसणार, आंब्याची गोष्ट सांगणार, खुर्ची त्यांची. मी पिशवी उचलायच्या बेतात होते.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी तपासनिसाचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला, सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि साहेबांना जवळ बोलावलं. "हे बघा साहेब. हा आला, ह्याने विचारलं नाय कोन म्हनून. सरळ दार ढकललं. हा पन तसाच. हा पन. सगळे दिसेल ते दार ढकलत फिरतात. ह्यांनी दुसरी दारं ढकलली, आपलं उघडं होतं ते ढकललं नाय, इतकंच. सोंगानं नाय वाचवलं. नशिबानं वाचलो."

"तरी पण भाऊ..." साहेब म्हणाले.

"तरी पन काय नाय. बाय बोलते ते बरोबर हाय. पहिल्यापासून बरोबर बोलत होती, मला मजा येत होती म्हनून मी ऐकत नव्हतो." मग डॉक्टरबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुमच्या पेशंटचं काही झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं. मी माझ्याच मानसांपासून लपवलं. आज जायच्या आधी सगळं उतरवतो, बायला दुरुस्त्या घालू देतो. पुढं कधी लपवायचं झालं तर आधी भोकं बुजवून, आधी हिला सांगून."

डॉक्टरबाई भाऊंकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. माझ्याकडे त्यांनी असं कधीच बघितलं नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही. "इतकं सरळ कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. साहेबांनी तर त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मी, जिचं म्हणणं खरं ठरलं होतं, कोपऱ्यात पिशवी धरून उभी.

भाऊ जाता जाता दारात थांबले. "आनि साहेब, ते प्रमुखाचं. बायला करा. मला ती फाइल-मीटिंग जमत नाय, आनि हिच्याएवढं काम इथं कोन करत नाय."

तशी मी प्रमुख झाले. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले, ते भाऊंनीच आणले होते. लोक माझं अभिनंदन करायचे आणि पुढच्याच वाक्यात म्हणायचे, भाऊंचं मन बघा. मला अस्सं व्हायचं की खुर्ची उचलून खाली त्या बादल्यांच्या कारखान्यात फेकून द्यावी. भांडून मिळाली असती तर माझी झाली असती. ही त्यांनी दिलेली. वाद जिंकले तोही त्यांच्याच तोंडून. माझ्यासाठी म्हणून काही शिल्लकच ठेवलं नाही त्या माणसाने, आणि बरं, त्यांना काही कळलेलंही नाही. ते आपले मजेत, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातून भाकरी खात.

पुढे त्यांनी नोकरी सोडली. बायकोचं माहेर कळंबचं, तिथे किनाऱ्याजवळ सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधल्या आणि दोघं तिकडेच राहायला गेले. निरोपाला इतकी माणसं आली की चहावाल्याला कप कमी पडले.

आता लॅबचं काम मीच बघते. एकही दुरुस्ती मागे नाही, कुठलंही सोंग नाही, आणि जे काही बदलतं ते आधी सगळ्यांना सांगून बदलतं. फक्त एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. कुठे अडलं, खरंच अडलं, की मी गच्चीत जाते आणि कळंबला फोन लावते. "बोल बाय," भाऊ म्हणतात. मागून त्यांची बायको कोणावर तरी ओरडत असते. मी अडचण सांगते, ते आधी हसतात, मग असं काही सुचवतात की मला स्वतःला ते कधी सुचलं नसतं. खाली येऊन मी हाताखालच्या पोरांना ते माझं म्हणून सांगते.

परवा डॉक्टरबाईंकडे गेले होते. लॅबचा एक फार दिवसांचा घोळ मिटवून दिला होता. बाईंनी सगळं बघितलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून हसल्या. माझ्याकडे! "सुरेख केलंत," म्हणाल्या. "तुम्हाला सुचलं?"

"हो," मी म्हटलं.

मग चहा आला. बाई म्हणाल्या, "भाऊंचा नंबर असेल ना हो तुमच्याकडे? या रविवारी घरच्यांना घेऊन कळंबला जावं म्हणतेय. भेटही होईल, किती दिवस झाले."

फोन माझ्या हातातच होता. सकाळीच त्यांच्याशी बोलले होते, याच घोळाबद्दल.

"नाही हो मॅडम," मी म्हटलं. "नंबर बदलला त्यांनी. कोणालाच माहीत नाही."

"अरेरे," बाई हळहळल्या. "म्हणजे आता तुम्हीच."

"हो," मी म्हटलं. "आता मीच."